माताइचीचं झाकण

आमच्या दुकानात एक झाकण आहे, ते आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही.

दिसायला आमच्या वाम-भाताच्या डब्यांवरच्या बाकीच्या झाकणांसारखंच. चौकोनी, लाखेचं, बाहेरून काळं आणि आतून लाल. एका कोपऱ्याचा टवका उडालाय. टवका उडालाय म्हणूनच बाजूला ठेवलंय, असं मी कामावर नव्यानं आलेल्या पोरींना सांगते. त्या मान डोलावतात. एखादी चौकस निघते. "मग टाकून का देत नाही, मालकीणबाई?" म्हणते. तिला मी टाकीतल्या वामींचं पाणी बदलायला पाठवते. तिथं हातात वळवळ सुरू झाली की प्रश्न आपोआप थांबतात.

हे झाकण रोज पुसायची ती फुसाए.

आमच्याकडे कामाला आली तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. माहेर डोंगरातलं, चहाच्या मळ्यांतलं. समुद्र पाहिला तो लग्न होऊन इकडं आल्यावरच, आणि पहिल्या रात्रीनंतर सासूला विचारलं म्हणे, "आई, हा गप्प कधी बसतो?" थोराड हाडाची, उंच, हाताचे पंजे पुरुषासारखे. त्या पंज्यांत आमचे नाजूक डबे दिले तेव्हा आमचे हे मला आत बोलावून म्हणाले, "अगं, ही महिन्याभरात दुकान फोडून ठेवील." पण फुसाएच्या हातून एक कपसुद्धा फुटला नाही कधी. भात तिच्याकडे आणि झाकणं तिच्याकडे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

झाकण पुसणं हे काम ऐकायला हलकं वाटतं. पण धुतल्याचा एखादा थेंब आत राहिला, की तो गरम वामीवर टपकतो आणि वरची रसाची चकाकी तिथल्या तिथं मरते. गिऱ्हाईक काही बोलत नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात जातं. फुसाए प्रत्येक झाकण खिडकीकडं धरायची, आत स्वतःचे दात बघायची, आणि दात स्वच्छ दिसले की मगच पुढं सरकवायची.

वामीच्या दुकानात गिऱ्हाइकाला थांबावंच लागतं. माणूस येऊन बसला, डबा सांगितला, की मग आमच्याकडं वाम टाकीतून निघते, फळीवर खिळते, चिरली जाते. मग काड्यांना टोचणं, भाजणं, वाफवणं, रसात बुडवून पुन्हा भाजणं. तोवर धुराच्या वासानं पोटात आगडोंब उसळतो लोकांच्या. कुणी ओरडलं, "ओ बाई, वाम समुद्रातून पोहत येतेय का?" की फुसाए आतनंच म्हणायची, "येतेय, येतेय! मी नाही का थांबलेय? तुम्हालाच काय झालंय?"

नवखी माणसं हसायची. गावातली हसायची नाहीत.

कारण फुसाए ज्याच्यासाठी थांबली होती तो तिचा नवरा, माताइची. दक्षिणेकडं लांब जाणाऱ्या मासेमारीच्या बोटीवर होता. हसरा, काटकुळा, बायकोच्या खांद्याला लागायचा. प्रत्येक सफरीआधी आमच्याकडे येऊन वाम खायचा, तीही खिडकीखालच्या त्याच कोपऱ्यात, जिथून सरोवराचं तोंड आणि पलीकडचा समुद्र दिसतो. वामीच्या कलेजीचं सार मात्र परत पाठवायचा. "मी माशांच्या पोटात हात घालून पोट भरतो, जेवताना तरी पोटातलं नको," म्हणायचा. शेवटच्या खेपेला बोटीचा भोंगा वाजला तसा तो धडपडत उठला, हातातलं झाकण खाली आपटलं, आणि कोपरा उडाला. "परत आलो की भरून देईन!" असं दारातनं ओरडून गेला.

ऑक्टोबरचं वादळ आलं. बोट गेली. फळकूटसुद्धा सापडलं नाही. बाकीच्या घरांनी चार-सहा महिने वाट बघितली आणि मग देवळात सगळ्यांचं मिळून कार्य केलं. माताइचीची आई, इसो आजी, गेली नाही. भिक्षू तिला समजवायला घरी आले तर म्हातारी म्हणाली, "म्हाराज, मला मढं दाखवा. मग रडते. तोवर माझं लेकरू भाईर गेलंय."

आणि ती सावलीचं ताट वाढत राहिली.

आमच्या किनाऱ्यावर ही जुनी रीत. घरातला माणूस पाण्यावर असेल तर जेवताना त्याचंही पान मांडायचं, म्हणजे तिकडं तो उपाशी राहत नाही. भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं. घरच्यांचं जेवण झालं की ते उचलायचं. आतून थेंब धरलेले असले तर माणूस श्वास घेतोय. कोरडं असलं तर... तर मग कुणी बोलत नाही.

गरम भातावर झाकण ठेवलं की ते ओलं होणारच, हे आम्हाला कळत नाही असं नाही. पण ज्याचा माणूस पाण्यावर आहे, त्यानं कळून करायचं काय?

घरी म्हातारी रोज वाडगं मांडायची. वर्षातून एकदा मात्र, ऑक्टोबरात तो सफरीला निघाला त्या दिवशी, दोघी सासवा-सुना आमच्याकडे यायच्या. दुपारची गर्दी ओसरली, दुकान बंद झाल्याची खूण म्हणून दारावरचा पडदा आम्ही आत घेतला, की मग. त्या दिवशी फुसाए गिऱ्हाईक. तीन डबे सांगायची. तिसरा डबा खिडकीखाली, कापसाच्या रिकाम्या बैठकीपुढं, टवका उडालेल्या झाकणाचा. दोघी आपापलं जेवायच्या आणि मग फुसाए ते झाकण उचलायची, आत बघायची आणि म्हणायची, "आहे."

एवढंच. मग तो गार झालेला डबा ती स्वतः खायची आणि उठून ॲप्रन बांधायची.

आता गेंजिरोचं सांगायला हवं. गेंजिरो आमचा भाजणारा. बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. दिवसभर निखाऱ्यापुढं बसून त्याच्या भुवया कायमच्या जळाल्या होत्या, त्यामुळं चेहरा सदा आश्चर्य वाटल्यासारखा. बोलायचा फक्त वामींशी. चिरण्याआधी प्रत्येकीला पुटपुटून काहीतरी सांगायचा. फुसाए त्याला चिडवायची, "काय हो, तिला काय वचन देता एवढं? पाळणार आहात का?"

त्याचा जीव हिच्यावर आहे हे सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं. वामीच्या कण्याचा काटा तळला की कुरकुरीत होतो. गेंजिरो त्यातले सरळ, न मोडलेले काटे निवडून कागदात बांधायचा आणि फुसाएच्या भाताच्या चुलीशेजारी ठेवायचा. ती कडाकडा खायची आणि कोणी ठेवले ते विचारायची नाही.

एकदा टाकीपाशी दोघं उभी होती. मी आत तांदूळ निवडत होते. मधे नुसती कागदी भिंत.

"तुझं काय ठरलं?" गेंजिरो म्हणाला.

"कशाचं?"

"आता मी ते तोंडानं बोलू का?"

"नका बोलू. वामी ऐकतील," फुसाए म्हणाली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे बघा. ज्या दिवशी ते झाकण कोरडं निघेल, त्या दिवशी मी तुमच्याकडं येईन. त्याच दिवशी. ॲप्रनसुद्धा न सोडता येईन."

"आणि नाहीच निघालं तर?"

"तर तुम्ही भाजा, मी पुसते. वाईट काय चाललंय?"

"माझं वाईट चाललंय."

"माझं काय जत्रा चाललीय का?" ती म्हणाली. आणि आत येऊन एवढ्या जोरानं झाकणं पुसायला लागली की मला वाटलं आज लाख निघून येणार.

त्यानंतर दर ऑक्टोबरात गेंजिरो स्वयंपाकघराच्या पडद्यामागं उभा राहायचा. तिचं "आहे" ऐकायचा आणि परत निखाऱ्यापुढं जाऊन बसायचा. अशी किती वर्षं गेली. तिच्या केसांत पांढरं आलं, याचे खांदे उतरले. शेवटी एका उन्हाळ्यात त्यानं आमच्या ह्यांना सांगितलं, "मालक, या ऑक्टोबरला कोरडं निघालं तर ठीक. नाही तर मी जातो भावाकडं, डोंगरात. तिथं वाम मिळत नाही. बरंच आहे."

हे त्यांनी फुसाएला सांगितलं. त्या दिवसापासून चुलीजवळचा काट्यांचा पुडा तसाच पडून राहायला लागला.

त्या वर्षी गेंजिरोनं काय केलं ते आम्हाला दुपारी कळलं. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तो उजाडताच दुकानात आला, एकटा. एक वाम भाजली आणि बर्फाच्या पेटीवर पसरून ठेवली. आदल्या दिवशीचा उरलेला भात काढला. लाखेचा डबाही बर्फाशेजारी ठेवला. टवक्याचं झाकण निखाऱ्यावर लांबून धरून सुकवलं, फडक्यानं पुसलं, मग तळहाताच्या मागच्या बाजूनं आतून चाचपलं. दुपारी तीन डबे भरले, दोन गरम आणि एक थंडगार, आणि त्या गारावर ते झाकण ठेवलं. बाहेरून कळायला मार्ग नाही. दोघी आपलं जेवून होईपर्यंत तिसरा डबा निवतोच. तेव्हा खाताना गार लागला तरी कुणाला शंका येणार नव्हती. कोरडं झाकण तेवढं दिसलं असतं.

मी ताट नेऊन ठेवलं. त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, सुका वारा होता. दोघींच्या पुढं कलेजीचं सार ठेवलं. त्याच्या पुढं नाही, त्याला आवडत नसे.

इसो आजीचा एक डोळा तोवर पांढरा झाला होता. तरी तिसरा डबा उचलून त्याच्या जागी मांडायचं काम तिचंच. तिनं दोन्ही हातांनी डबा उचलला आणि जरा थांबली. मला वाटलं, म्हातारीच्या हातात बळ राहिलं नाही. मग तिनं तो हळूच खिडकीखाली ठेवला.

"तुकडा बारीक केलाय यंदा," म्हातारी जेवता जेवता म्हणाली. "मालक चिक्कू झालाय तुझा."

"आजी, वामीच बारीक येतात हल्ली," मी म्हणाले.

"येनारच. मानसं कुटं मोटी ऱ्हायलीत?"

"तुम्ही आहात की."

"मी व्हय? माझं निस्तं कातडं ऱ्हायलंय. भाजून खा." आणि स्वतःच खिंकाळत हसली. फुसाए हसली नाही. ती एक एक घास मोजल्यासारखा खात होती. पडद्याखाली मला गेंजिरोची अनवाणी पावलं दिसत होती. डावा अंगठा उजव्यावर ठेवून उभा होता.

दोघींचे डबे संपले. फुसाएनं जेवायच्या काड्या ठेवल्या, गुडघ्यावर पुढं सरकली आणि झाकण उचललं.

पाणी तिच्या मनगटावरून बाहीत गेलं.

दरवर्षी आत बारीक थेंब असायचे, दवासारखे. हे तसं नव्हतं. झाकण आतून निथळत होतं. कोपऱ्यातून धार लागली, चटईवर टपटप पडायला लागली. फुसाएनं ते जरा लांब धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "आहे." खाली ठेवलेलं ओझं परत डोक्यावर घ्यावं तशी म्हणाली.

आत काहीतरी पडलं. गेंजिरोचा निखारा फुलवायचा पंखा. मग पडदा हलला आणि तो बाहेर आला. इतक्या वर्षांत तो गिऱ्हाइकांच्या बाजूला कधी आला नव्हता. आला, चटईवर गुडघे टेकले, आणि त्याच्या त्या बिनभुवयांच्या तोंडावर राख फासल्यासारखा रंग होता.

"भात गार होता," तो म्हणाला.

"काय?" फुसाए म्हणाली.

"कालचा भात आहे तो. वाम सकाळची. बर्फावर ठेवली होती. झाकण मी निखाऱ्यावर सुकवलं. मला... मला ते कोरडं पाहिजे होतं, फुसाए. ह्या डब्यात वाफ नव्हतीच."

फुसाएनं डब्यात बोट घातलं. आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

"सार शेजारी होतं," आमचे हे दारातून म्हणाले. "त्याची वाफ लागली असेल." पण सार त्या टोकाला होतं, कधीच पिऊन संपलं होतं.

"मला ठावं हुतं," इसो आजी म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"डबा मांडताना हाताला लागलंच की. गार हाय म्हनून. आंधळी झाले, हातानं न्हाई झाले."

"तुम्हाला कळलं होतं, आई?" फुसाएचा आवाज चिरकला. "आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू?" म्हातारी म्हणाली. "म्हनलं, हूं दे. ह्यानं कायतरी केलंय, बरं केलंय. यंदा म्या बी कोरड्याचीच वाट बगत हुते. तू काय माझ्यासंगट म्हातारी व्हायला आलीयास व्हय?"

मग तिनं हात पुढं केला. "आन ते हिकडं."

फुसाएनं झाकण तिच्या हातात दिलं. म्हातारीनं आतून बोट फिरवलं, जिभेला लावलं. तिनं सगळा जन्म किनाऱ्यावर जाळी ओढण्यात घालवला होता. समुद्राचं पाणी ओळखायला तिला दुसऱ्यांदा चव घ्यावी लागली नाही.

"जित्या मानसाचा शास ऊन असतो गं," ती म्हणाली. "त्याला ऊन भात लागतो. गार भाताला कोन घाम आनील?" तिचा चांगला डोळा त्या रिकाम्या बैठकीवर होता. "ह्यो भिजून आलाय. वल्ल्या अंगानंच बसलाय हितं. किती वर्सं बसतोय कुनाला म्हाईत, आनि आपन म्हनतोय, जिता हाय, जिता हाय."

त्या निळ्या दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, माझ्या पाठीवरून कुणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखं झालं. बैठकीवर ऊन पडलं होतं. ती मधोमध दबलेली होती. रोज लोक बसून बसून दबतेच, असं मी स्वतःला सांगितलं.

म्हातारी सरकत सरकत खिडकीपर्यंत गेली. त्याच्यापुढच्या काड्या उचलल्या. आमच्यात मूल जेवताना खेळ म्हणून काड्या भातात उभ्या करायला गेलं तर आई हातावर फटका मारते, कारण तशा उभ्या काड्या फक्त मेलेल्या माणसाच्या भातात असतात. इसो आजीनं त्या दोन्ही काड्या गार भाताच्या मधोमध सरळ उभ्या रोवल्या.

"माताइची," ती म्हणाली. "जेव रं लेकरा. पोटभर जेव. आनि जा आता."

तेव्हा ती रडली. मढं दाखवा मग रडते म्हणाली होती, तशी रडली.

तो डबा त्या वर्षी फुसाएनं खाल्ला नाही. ओहोटी लागली होती. सरोवराचं पाणी समुद्राकडं ओढत होतं तिथं आम्ही गेलो. गेंजिरोनं म्हातारीला पाठुंगळी घेतलं. वाटेत ती त्याच्या कानात म्हणाली, आणि मागं मला ऐकू आलं, "तुझ्या पाठीला वामीचा वास येतोय रं."

"येणारच, आजी."

"असू दे. भूक लागती."

त्या दिवसांत मोठ्या झालेल्या वामी सरोवर सोडून समुद्रात जातात, कुठं लांब, कुणालाच ठाऊक नाही. गेलेली परत येत नाही. फुसाए झाकण काखेत धरून दगडावर उतरली, डबा पाण्यावर धरून पालथा केला. भात लगेच पसरला आणि ओढीला लागला. वामीचा तुकडा मात्र क्षणभर जागच्या जागी फिरला, मग खालून कुणी घेतल्यासारखा गेला. मासा असेल. तिथं मासे पुष्कळ आहेत.

गेंजिरो वर उभा होता, म्हातारीला पाठीवर घेऊन. म्हणाला, "मी जातो उद्या भावाकडं. फसवायला गेलो मी तुला. आणि झाकण कोरडं निघालं नाही ते नाहीच."

फुसाए दगडावरून वर आली. तिच्या अंगावर सणाचा किमोनो होता आणि त्यावर, मला तेव्हा कुठं दिसलं, दुकानातला ॲप्रन. निघताना कधी बांधला होता कोण जाणे. सवयीनं असेल. तिनं ॲप्रनचं टोक धरलं, झाकण आतून पुसलं, कोपऱ्यात बोट घालून पुसलं, खिडकीकडं धरायची तसं आभाळाकडं धरलं, दात बघितले. आणि गेंजिरोपुढं केलं.

"हे बघा," ती म्हणाली. "कोरडं."

त्याच्या पाठीवरनं इसो आजीच बोलली. "अरं, व्हय म्हन की मुडद्या! आनि मी बी येनार हाय, आंदनात. मला हितंच खाली नगं टाकूस."

ती बैठक मी त्या संध्याकाळी उचलली. तिच्याबद्दल काही सांगणार नाही. अंगणात जाळली. पेटायला वेळ लागला, एवढंच.

पुढं तिघं आमच्या दुकानाच्या माडीवर राहिली. इसो आजी आणखी काही हिवाळे जगली, रोज जावयाला शिव्या देऊन. त्याला ती जावईच म्हणायची. सावलीचं ताट तिनं पुन्हा वाढलं नाही. गेंजिरोला दमा झाला, तरी निखारा सोडला नाही. फुसाए भात शिजवत राहिली, झाकणं पुसत राहिली. "येतेय, येतेय," असं आतनं ओरडायची, पण "मी नाही का थांबलेय" हे म्हणणं तिनं बंद केलं.

आणि ते झाकण. दुसऱ्या दिवशी सकाळी फुसाएनं मला हाक मारली. फळीवर सगळी झाकणं सुकी खडखडीत होती, आणि हे एक ओलं. धार नाही, थेंब नाही. नुसती ओल, आरशावर श्वास सोडावा तशी.

"कोपऱ्यातली लाख उडालीय ना, लाकूड दमट धरतं," आमचे हे म्हणाले.

फुसाएनं पुसलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी घाबरले. म्हटलं, देवळात देऊन टाकू. ती नाही म्हणाली. "राहू द्या, मालकीणबाई. जेवल्यावर तोंड पुसायची सवय त्याला कधीच नव्हती. मीच पुसायची." आणि शेवटपर्यंत, दुसऱ्या नवऱ्यासाठी वर माडीवर चहा न्यायच्या आधी, ते एक झाकण पुसून मग ती जिना चढायची. गेंजिरो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघायचा.

मागच्या वसंतात फुसाए गेली. भात शिजायला टाकला होता, चुलीपाशीच बसल्या बसल्या गेली. भात करपला तेव्हा आम्हाला कळलं.

सगळं आटोपल्यावर मी ते झाकण पुसायला घेतलं. आता माझ्याकडंच ते काम आलं, असं मनाशी धरून. आतून बोट फिरवलं. कोरडं होतं. दुसऱ्या दिवशीही कोरडं. टवका आहे तसाच आहे, पावसाळ्यात भिंतींना बुरशी आली, पण झाकणाला ओल नाही.

गेंजिरो आता भाजत नाही. दिवसभर माडीवर असतो. यंदा ऑक्टोबरात, दारावरचा पडदा आम्ही आत घेतल्यावर, तो जिना उतरून आला, खिडकीखालच्या कोपऱ्यात बसला आणि दोन डबे सांगितले.

"एक गरम," म्हणाला. "एक गार."

"गेंजिरोभाऊ..."

"गारावर ते झाकण ठेवा, मालकीणबाई. नीट सुकवून ठेवा. मला फसायचं नाही."

मी तसं करून दिलं. त्यानं स्वतःचा डबा सावकाश खाल्ला, समोरच्या नव्या बैठकीकडं बघत. दमा लागत होता, मधे मधे थांबत होता. सगळा जन्म ज्यानं ते झाकण कोरडं निघावं म्हणून पडद्यामागं उभं राहून काढला, त्यानं ते उचललं, उन्हाकडं धरलं, आणि आत बोट फिरवलं. मग ते कोरडं बोट मला दाखवलं.

"गेली की काय त्याच्याबरोबर?" तो म्हणाला.

मी चहा ओतला. त्यानं दुसरा डबा जवळ ओढला आणि तो गार भात, शेवटच्या शितापर्यंत, स्वतः खाल्ला.